तुमानची चाळीस दिवसांची सुट्टी

२ सप्टेंबर

आज शाळा उघडली आणि मी गेलो नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. पोरं हातात फुलं घेऊन दारावरून गेली. "सलाम, मास्तर!" म्हणाली. मी अंगणात लेंग्यावर उभा होतो, घाईघाईने आत आलो.

निवृत्त होऊन शाळेतून येताना हजेरीच्या दोन कोऱ्या वह्या आणल्या होत्या. त्यातली एक आजपासून तुमानची. अंतर, वेळ, हुकूम ऐकला का, असे तीन रकाने आखलेत. व्यायाम शिकवला जन्मभर. मोजल्याशिवाय मला काही कळत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

तुमान म्हणजे धुकं. रंगावरून ठेवलेलं नाव. तायगान जातीची शिकारी कुत्री, वय दहा महिने, कानांवर लांब केस, पोट आत गेलेलं, धावायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. बेदेल आतांनी दिली; गावातल्या वडीलधाऱ्याला आम्ही 'आता' म्हणतो, म्हणजे बाबा. आमच्याकडे तायगान विकत नाहीत, विकला की घराचं नशीब त्याच्यामागे जातं. आतांनी पिल्लाच्या गळ्यात पांढरी चिंधी बांधली आणि म्हणाले, "जुमा, माझ्या हातची ही शेवटची. हिने धरलेल्या पहिल्या सशाचा रस्सा माझ्या चुलीवर शिजव. बाकी काही मागत नाही."

बेदेल आता शहाऐंशीचे आहेत. दोन वर्षांपासून डोळ्यांनी दिसत नाही. शहरातला मुलगा त्यांना २४ नोव्हेंबरला न्यायला येणार आहे, हिवाळ्यात एकटं ठेवायचं नाही म्हणतो. या वयात शहरात गेलेला माणूस गावात परत येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत मात्र कुणी नाही.

शिकार नोव्हेंबरात उघडते. म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे. त्याआधी कुत्री तयार पाहिजे. करून दाखवतो.

४ सप्टेंबर

घोडीच्या मागे दोरी, दोरीला सशाचं कातडं. मी घोडी पिटाळायची, तुमानने कातडं धरायचं. तीनशे पावलं, एकोणीस सेकंद. शिट्टी वाजवली की परत! पाचपैकी पाच वेळा आली. शेजारचा कुबात, माझाच जुना विद्यार्थी, कुंपणावरून बघत होता, त्याला जळजळ झाली असणार. त्याचा कुत्रा बोरोन चार वर्षांचा आहे, पलीकडच्या खोऱ्यातून मोटारसायकल देऊन आणलेला. त्याला शिट्टी म्हणजे काय ते माहीत नाही.

"मास्तर, पाचवीच्या वर्गाला पळवल्यासारखं पळवताय हो," म्हणाला.

म्हटलं, "पाचवीच्या वर्गापेक्षा हुशार आहे. तुझ्या बॅचपेक्षा तर नक्कीच."

१३ सप्टेंबर

अठरा सेकंद. सकाळी सात फेऱ्या, संध्याकाळी सात. सुनाय चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, तिची जीभ बघा किती बाहेर आलीये. पुरे आता."

मी म्हटलं, "कसलेला खेळाडू असाच घडतो."

ती म्हणाली, "मेरिमला पण असंच म्हणायचात."

मेरिम आमची मुलगी. चौदाव्या वर्षी जिल्ह्यात चारशे मीटरला पहिली आली होती. पुढच्याच वर्षी बूट उचलून छपरावर फेकले आणि पळणं सोडलं. आता शहरात दातांची डॉक्टर आहे. आईला दर रविवारी फोन करते. तिचा इथे काय संबंध ते मला समजलं नाही. चहा बरा होता.

१९ सप्टेंबर

आज काहीतरी बिनसलं. शिट्टी वाजवली तर तुमानने मान वळवून बघितलं, आणि पुन्हा कुंपणाच्या खांबाचा वास घेत बसली. म्हणजे ऐकू येतं. ऐकायचं नाही! पाचपैकी दोनदा आली, तेही टंगळमंगळ करत.

२२ सप्टेंबर

कातडं शंभर पावलं गेलं आणि बाई खाली बसल्या. चक्क बसल्या. मी घोडी वळवून परत आलो, कातडं नाकासमोर नाचवलं, तर जांभई दिली. कुबातला नेमकं तेव्हाच कुंपण दुरुस्त करायचं होतं.

"मास्तर, गुडघा दुखतोय म्हणून सुट्टीचा अर्ज लिहून आणलाय का तिने?"

मी कातडं गुंडाळून घरी आलो.

दारात गावातली पाच कुत्री बसली होती. दगड मारून हाकलली तर पुन्हा येऊन बसली. सुनाय हसायला लागली. "अहो, चौतीस वर्षं पोरींना शिकवलंत ना? ती वयात आलीये. तिचं डोकं ठिकाणावर असेल कसं? महिनाभर कोंडून ठेवा, कष्ट देऊ नका."

मी म्हटलं, रकान्यात हे कुठे लिहू? ती म्हणाली, रकाना वाढवा.

कोंडून ठेवीन. पण तालीम बंद करणार नाही. दोरीला बांधून घेईन.

३० सप्टेंबर

मी चूक करतोय का? इथे खरं लिहितो, कारण वही माझी आहे. आठ दिवसांत कुत्री सगळं विसरली. 'ये' विसरली, 'थांब' विसरली. काल वाऱ्याने पत्र्याची बादली लोळली तर दचकून घोडीच्या पोटाखाली शिरली. याच बादलीतून ती दोन महिन्यांची असल्यापासून पाणी पिते! पालथ्या घड्यावर पाणी. मग मी फेऱ्या वाढवल्या. सात होत्या, दहा केल्या. कमी शिकलं तर जास्त शिकवायला नको का?

सुनाय म्हणाली, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग."

म्हटलं, २४ तारीख मी ठरवली का? आतांना रस्सा तू देणार आहेस?

ती उठली. मेंढ्या आणायला निघून गेली.

५ ऑक्टोबर

कुबातच्या जर्दाळूच्या बागेत कोल्हा शिरला होता. दोन कोंबड्या गेल्या. कुबात ओरडला, "मास्तर, कुत्री सोडा!" बोरोन पुढे गेलाच होता. मला वाटलं, हीच संधी. खरं जनावर दिसलं की जागी होईल. मी साखळी सोडली.

गेली की! बाणासारखी गेली, माझ्या छातीत असं भरून आलं. बोरोनला मागे टाकून तिने कोल्ह्याला भिंतीच्या कोपऱ्यात गाठलं. आणि मग काय करायचं ते तिला कळेना. ती कोल्ह्याकडे बघत उभी, मी मागून शिट्टी वाजवतोय, जोरजोरात वाजवतोय, आणि कोल्ह्याने उसळी मारून तिचं नाक धरलं. तिचं किंचाळणं तळ्यापर्यंत गेलं असेल. मी शिट्टी वाजवतच होतो. का वाजवत होतो देव जाणे. बोरोनने कोल्हा मारला.

नाकावर तीन टाके पडले. घोडीला टाके घालतात तसे मीच घातले. सुनायने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

६ ऑक्टोबर

तुमान लाकडांच्या ढिगामागे बसली आहे, बाहेर येत नाही. खाणं ठेवलं, खाल्लं नाही. मी शिट्टी वाजवून बोलावलं तर अंग आकसून आणखी आत सरकली. शिट्टीला इतकं घाबरण्यासारखं काय आहे? शिट्टीने तर तिला चावलं नाही.

७ ऑक्टोबर

बेदेल आतांकडे गेलो. तोंड कसं दाखवू असं झालं होतं, पण त्यांना तोंड दिसत नाही हे एक बरं. सगळं सांगितलं. कातडं, फेऱ्या, वयात येणं, कोल्हा, टाके. ते भिंतीला टेकून ऐकत होते, मध्येच बोटांनी दाढी विंचरत.

"दिवसाला किती फेऱ्या?" विचारलं.

"वीस."

"तू स्वतः किती पळतोस?"

"मी घोडीवर असतो."

ते हसले. मग म्हणाले, "माझ्या बापाने मला सांगितलं होतं, तायगान अकरा महिन्यांची झाली की तिला एकदा विसर पडतो. सगळ्यांनाच पडतो. आपण शिकवलेलं सगळं ती कुठेतरी पुरून ठेवते, हाड पुरतात तसं. तू मागे लागून उकरायला गेलास की ती जागाच विसरते. चाळीस दिवस दे. नव्या बाळंतिणीला देतो ना आपण चाळीस दिवस? तसे. कातडं नको, शिट्टी नको, हुकूम नको."

मी बोटांवर मोजलं. चाळीस दिवस म्हणजे १६ नोव्हेंबर. मग उरले आठ. म्हटलं, "आता, मग तुमचा रस्सा?"

"रस्सा मला पाहिजे. फार पाहिजे. म्हणून तर सांगतोय."

घरी येऊन शिट्टी खिळ्याला टांगली. सुनाय तिच्याकडे बघत राहिली.

१२ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. अंतर नाही, वेळ नाही. सबंध दिवस काय करू? कुंपण रंगवलं. कुबातने विचारलं, "मास्तर, कुंपणाची पण तालीम का?"

१९ ऑक्टोबर

कुत्री पुरती बिघडली. सकाळी सुनाय घोडी घेऊन मेंढ्यांमागे डोंगराकडे निघाली की ही तिच्यामागे. शिकारी कुत्री आणि मेंढ्यांमागे! संध्याकाळी परत येते तेव्हा अंगभर काटे, पोट चिखलाने माखलेलं, जीभ बाहेर आणि तोंड हसरं. मी सुनायला म्हटलं, तिला नेऊ नकोस, तिचा आराम आहे. ती म्हणाली, "मी कुठे नेते? ती येते."

२७ ऑक्टोबर

सुनायचा जाड कोट उन्हात घालायला घेतला तर खिशात बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, चुरा, मूठभर. घरात उंदीर झालेत. पिंजरा लावला पाहिजे.

२ नोव्हेंबर

शिकार उघडली आणि कुबातने दुसऱ्याच दिवशी डाव साधला. मी पाटाच्या पुलाकडे पाणी बघायला गेलो होतो, समोरून तो येतोय, खोगिराला ससा. मला बघताच त्याचं तोंड उतरलं, कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं. मी हात वर करून म्हटलं, "शिरालगा!"

शिकाऱ्याला वाटेत जो पहिला भेटेल आणि हा शब्द बोलेल, त्याला शिकार द्यायची. कपाळाला आठी न घालता द्यायची, नाहीतर हात बांधले जातात, वर्षभर काही मिळत नाही. शब्द एकच, पण तो शिकाऱ्यालाच म्हणतात. खाटकाला कुणी शिरालगा म्हणत नाही.

कुबातने ससा सोडून दिला. म्हणाला, "घ्या मास्तर. बरकत होवो. तुमच्या घरी मांस यायला दुसरा मार्ग तरी कुठे आहे!"

घ्यायचं ते घेतलं. दुपारी आतांकडे रस्सा घेऊन गेलो. त्यांनी एक घोट घेतला, वाडगा खाली ठेवला. "चांगला आहे. पण हा माझ्या रक्ताचा नाही, जुमा." मग माझं मन मोडू नये म्हणून अर्धा वाडगा प्यायले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० नोव्हेंबर

पिंजऱ्यात एकही उंदीर नाही. चुरा मात्र कोटाच्या खिशात आहेच.

आज पाटाच्या काठावरून सुनाय लांब डोंगरउतारावर दिसली. तुमान एवढीशी, पलीकडच्या धारेवर. सुनायने जिभेने काहीतरी केलं, कोंबड्यांना बोलावते तसं, आणि ते धुकं सरळ धारेवरून घसरत तिच्या घोडीपाशी आलं. निदान आठशे पावलं असतील. घड्याळ घरी राहिलं होतं म्हणून वेळ घेता आला नाही. योगायोग असणार. त्या वेळी कुत्रीला भूक लागली असेल.

१६ नोव्हेंबर

चाळीस दिवस भरले. उद्यापासून सुरुवात. शिट्टी पुसून ठेवली.

१७ नोव्हेंबर

कातडं बांधलं. घोडीवर बसलो. शिट्टी तोंडाला लावली मात्र, तुमान कुंपण ओलांडून पसार. दुपारी सुनायच्या मागून चुलीपाशी येऊन बसली. माझ्याकडे बघून शेपूट एकदा हलवली, एकदाच, पाहुण्याला हलवतात तशी.

मला राग आला नाही. वाईट वाटलं. दहा महिने माझ्या हातातून खाल्लं तिने.

१९ नोव्हेंबर

आतांच्या घरी मुलाचा फोन आला होता, रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. आतांची पेटी दारात बांधून ठेवलीय. मी गेलो तेव्हा ते पेटीवरच बसले होते. मी म्हटलं, "आता, मला जमलं नाही. तुमची शेवटची कुत्री मी वाया घालवली."

ते म्हणाले, "बर्फ पडलाय का?"

"नाही."

"मग एवढ्यात कशाला रडतोस? बर्फावर सशाची पावलं दिसतात. आणि सुनायला सांग, तिचं दही चांगलं लागतं. रोज देऊन जाते, तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, हो.

२२ नोव्हेंबर

पहाटेपासून बर्फ. पहिलाच. सकाळी उठून मी आधी खिडकी बघितली, मग लाकडांचा ढीग. कुत्री नाही. तबेल्यात घोडी नाही. सुनाय एक मेंढी चुकली म्हणून शोधायला वर गेलेली. दोनच दिवस हातात होते आणि त्यातला एक हिने नेला! मी कोट चढवला, खिळ्यावरची शिट्टी खिशात घातली आणि चालत निघालो. बोलायचं भाषण वाटेत तयार केलं. चांगलं कडक होतं.

पुलाच्या वर कुबात मागून घोड्यावर आला, बोरोन बाजूला. "मास्तर, चालत कुठे?"

"घोडी पण गेली, कुत्री पण गेली, घरवाली पण गेली."

"मग तुमच्याकडे राहिलं काय?"

"शिट्टी."

हसून हसून तो खोगिरावर वाकला. मी पुढे झालो. त्याच्या घोड्याचा पट्टा ढिला झाला होता म्हणून तो उतरला.

आर्चाच्या झुडपांच्या वळणावर मी मान वर केली तर वरून घोडी येत होती. सुनाय ताठ बसलेली, शालीवर बर्फ. पुढ्यात चुकलेली मेंढी आडवी. रिकिबीपाशी तुमान, छातीपर्यंत पांढरी. आणि खोगिराच्या मागच्या कडीला ससा. मोठा, हिवाळी, अखंड. कातडीला एक फाटा नाही.

माझं भाषण घशातच राहिलं.

सुनाय थांबली. मी खाली, ती वर. दोघं बघत राहिलो. मागून कुबातच्या घोड्याच्या टापा यायला लागल्या. वीस पावलं. पंधरा.

मी तुम्हाला, म्हणजे या वहीला, खरं सांगतो. त्या पंधरा पावलांत माझ्या मनात काय काय आलं. ससा आतांचा आहे. कुबातने वळण घेतलं की तो शब्द बोलणार. मी २ तारखेला त्याचा घेतला होता, त्याचा हक्क आहे, त्याने बोलावंच. सुनायला मग द्यावा लागेल, हसत द्यावा लागेल, आणि परवा सकाळी गाडी. मी नवरा म्हणून "दे इकडे" म्हटलं तर चालणार नाही. घरच्या माणसाने उतरवून घेतलं म्हणून शिकार वाटेवरून हटत नाही. शब्दच लागतो. आणि तो शब्द शिकाऱ्यालाच म्हणतात. पस्तीस वर्षांत मी या बाईला काय म्हटलं? चहा टाक. दार लाव. माझी विजार कुठंय.

कुबात वळणावर आला. त्याचे डोळे सशावर गेले, तोंड उघडलं.

"शिरालगा!" मी ओरडलो. आवाज पोराच्या आवाजासारखा फाटला.

सुनाय घोडीवरून उतरली, नीट, सावकाश. कडीचा ससा सोडला. दोन्ही हातांवर धरून माझ्यासमोर आली आणि कपाळाला एकही आठी न घालता म्हणाली, "घ्या, मास्तर. बरकत होवो."

कुबातने टोपी काढली. मग एवढंच म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी या वाटेने मी आधी येईन."

वाटेत मी विचारलं, झालं कसं? ती म्हणाली, "मेंढी शोधत होते. गवताच्या पुंजक्यातून हा उठला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, जा ना बाई. गेली. धारेमागे गेली, दिसेना. मी हाका नाही मारल्या. गेले तर धरून उभी होती, मला बघून शेपूट हलवत होती."

"चाकू कुणी चालवला?"

"मीच. बिस्मिल्ला म्हणून. पुरुष शोधत बसले असते तर ससा म्हातारपणाने मेला असता."

"आणि ती तुझ्या हाकेला येते कशी? मी एवढी शिट्टी..."

"येते," म्हणाली. कोटाच्या खिशात हात घालून चालत राहिली.

दुपारी आतांच्या चुलीवर पातेलं चढलं. आतांनी आधी ससा मागून घेतला, सगळीकडे बोटं फिरवली. "धरलाय, फाडला नाही. माझ्या जुन्या काळ्या मादीचं तोंड." मग म्हणाले, "शिकारी कोण होता?"

"तुमान," मी म्हटलं.

"कुत्रीचं नाही विचारत."

मी पातेल्याकडे बघितलं. "सुनाय."

आता हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. "जुमा, ते चाळीस दिवस मी कुणाला दिले होते रे?"

"तुमानला," मी म्हटलं.

ते आणखीच हसले. सुनायही तोंडाला शाल लावून हसली. यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

मग त्यांनी सुनायला दारापासून लांब, समोरच्या भिंतीकडच्या मानाच्या बैठकीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती, या गावची सून म्हणून आयुष्यभर दाराशी बसलेली. आता म्हणाले, "शिकारी तिथेच बसतो." वाढप मी केलं. पहिला वाडगा तिला, दुसरा आतांना. आतांनी तीन वाडगे घेतले. तिसरा संपवून वाडगा पालथा करून दाखवला. "हा माझा. आता मला शहरात काय, चंद्रावर न्या."

आज मी खूश आहे. असं लिहायची सवय नाही, पण आहे.

२३ नोव्हेंबर

गाडी ठरल्याच्या एक दिवस आधीच आली, घाटात बर्फ वाढेल म्हणून. कालचा ससा आज मिळाला असता तर? नको तो विचार.

आतांनी निघताना तुमानच्या नाकावरून बोट फिरवलं, कोल्ह्याची खूण सापडली तिथे थांबले. स्वतःचा चाबूक, ज्याची मूठ घासून घासून काळी झालीय, सुनायच्या हातात दिला. मला म्हणाले, "तुझी शिट्टी दे."

मी खिशातून काढून दिली. चौतीस वर्षांची. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "शहरात कुणी हाकेला येत नसेल तर वाजवीन," म्हणाले.

गाडी वळणाआड गेली तरी सुनाय आणि मी बराच वेळ उभे होतो. तुमान गाडीमागे पुलापर्यंत धावली आणि आपली आपण परत आली.

१ डिसेंबर

रविवार. मेरिमचा फोन. सुनायशी बोलून झाल्यावर म्हणाली, बाबांना दे. मी हात पुसून घेतला.

"बाबा, आई म्हणाली ससा धरला. तुमान तीनशे पावलं किती सेकंदांत जाते आता?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "मोजलं नाही."

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "खरंच?" आणि तिचा आवाज वेगळाच लागला. वीस मिनिटं बोलली माझ्याशी. दवाखान्यातल्या गमती सांगितल्या, आणि सांगितलं की हल्ली सकाळी बागेत पळायला जाते, एकटीच, मजा येते म्हणून. वसंतात येते म्हणाली, तुमानबरोबर पळायला. मी असं काय बरोबर बोललो ते कळलं नाही, नाहीतर आधीच बोललो असतो.

संध्याकाळी पाटापलीकडे गेलो. तुमान लांब धारेवर होती. जिभेने केलं, सुनाय करते तसं. पहिल्यांदा नीट वाजलंच नाही. दुसऱ्यांदा वाजलं.

अंतर: मोजलं नाही.

वेळ: घड्याळ नेलं नव्हतं.

हुकूम ऐकला का: हुकूम नव्हता. हाक मारली, आली. आणि पाहुण्याला हलवतात तशी नाही, सबंध कंबर हलवत आली.

(खिशात दोन बोरसोक होते. सुनाय ही वही वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो.)